दाढ सकाळी काढा, आणि बोळा अर्धा तास सोडू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कापूस विकून चार पैसे हातात आले, की वर्षभर लवंग दाबून आणि गोळ्या खाऊन ढकललेली दाढ काढायचा मुहूर्त आपल्याकडे निघतो. दिवस ठरलेला असतो, तालुक्याच्या बाजाराचा. आधी बाजार, मग बँक, मग कृषी केंद्र, आणि शेवटच्या एसटीच्या तोंडावर दातांचा दवाखाना. साडेचारला दाढ निघते, माणूस खड्ड्यावर ठेवलेला कापडाचा बोळा चावत साडेपाचच्या गाडीत बसतो आणि गावचा फाटा येईपर्यंत बोळा खिडकीतून बाहेर गेलेला असतो. रात्री नऊच्या सुमारास फोन येतो, "डॉक्टरसाहेब, रक्त काही थांबून नाही राहिलं."

दाढ नीटच निघालेली असते. घोळ होतो तो पुढच्या तीन तासांत. भूल देताना जे इंजेक्शन मारतात त्यात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाबरोबर बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, 80,000 भागांत एक भाग इतकं थोडं. ते रक्तवाहिन्या आकसून धरतं, म्हणून खुर्चीत असेपर्यंत खड्डा कोरडा दिसतो. दोन-तीन तासांत त्याचा जोर ओसरतो आणि वाहिन्या पुन्हा सैल होतात. तोवर खड्ड्यात रक्ताची गाठ पक्की बसली असेल तर काही होत नाही. थुंकून, चूळ भरून किंवा बोळा चार वेळा काढून बघून ती हलली असेल, तर रक्त पुन्हा सुरू होतं. संध्याकाळी काढलेल्या दाढेचा हा तास रात्री येतो, जेव्हा गावात डॉक्टर नसतो आणि गाडीही नसते. सकाळी दहाला काढलेल्या दाढेचा तोच तास दुपारी एकला येतो आणि पेशंट अजून तालुक्यातच असतो. म्हणून बाजारात शिरण्याआधी दवाखान्यात जा. आमच्या व्यवसायबंधूंनाही विनंती, की बाहेरगावच्या पेशंटची दाढ दुपारनंतर काढायची असेल तर ती खरंच आज काढायची गरज आहे का, हे एकदा बघावं. जेवून या, उपाशी पोटी येऊ नका. उपाशी माणसाला खुर्चीत घेरी येते आणि दोष बिचाऱ्या इंजेक्शनवर जातो.

आता बोळ्याबद्दल. रक्त थांबवणारी खरी गोष्ट औषध नाही, दाब आहे, आणि दाब नेमका खड्ड्यावर पडला तरच उपयोग. दवाखान्यातून निघताना गॉजच्या, म्हणजे जखमेवर ठेवतात त्या जाळीदार कापडाच्या, चार-पाच घड्या कागदात बांधून मागून घ्या. गॉज नसेल तर धुऊन उकळलेलं, उन्हात वाळवलेलं जुनं सुती कापड चालतं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगणं विचित्र वाटेल, पण खड्ड्यावर सुटा कापूस ठेवू नका. त्याचे तंतू रक्ताच्या गाठीत गुंततात आणि बोळा काढताना गाठही सोबत उपटून येते. कापडाची घडी आवळ्याएवढी जाड हवी. पातळ घडी ठेवली तर वरखालचे बाकीचे दात आधी टेकतात, खड्ड्यावर दाब पडतच नाही, आणि माणूस मात्र तासभर प्रामाणिकपणे तोंड मिटून बसलेला असतो. समोरची दाढ आधीच पडलेली असेल तर घडी आणखी जाड करा किंवा स्वच्छ बोटानं दाबून धरा. घडी ठेवण्याआधी पाण्यात भिजवून पिळून घ्यावी, म्हणजे ती चिकटत नाही.

मग घड्याळ बघून 30 मिनिटं घट्ट चावून बसायचं. मध्ये उघडून बघायचं नाही, बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही. लाळ गिळायची. लाळेबरोबर थोडं रक्त पोटात गेलं तर काही बिघडत नाही, जास्त गेलं तर मळमळतं एवढंच. थुंकायला गाल आत ओढावे लागतात आणि त्या ओढीनं गाठ निसटते. नळीनं थंड पेय पिणं, बिडी ओढणं, जोरात चूळ भरणं, सगळ्याचा परिणाम हाच. पहिले 24 तास चूळ नाही.

रात्री रक्त आलंच तर आधी उठून बसा. आडवं पडलं की डोक्याकडचा दाब वाढतो आणि रक्त जोर धरतं. घरातल्या कुणीतरी मोबाइलचा उजेड तोंडात टाकून रक्त नेमकं कुठून येतंय ते बघावं. खड्ड्याच्या वर गालापर्यंत लोंबणारी, काळपट लाल, कलेजीच्या तुकड्यासारखी लिबलिबीत गाठ दिसली, तर ती रक्त थांबवणारी गाठ नव्हे. ती तशीच ठेवून वर बोळा दाबला तर दाब त्या लिबलिबीत गोळ्यावर पडतो आणि खालून रक्त वाहत राहतं. एरवी चूळ बंद असली तरी या वेळी थंड पाण्याची एकच हळू चूळ घेऊन पाणी तोंडातून नुसतं ओघळू द्या, वर आलेला गोळा ओल्या कापडानं पुसून काढा; खड्ड्याच्या आत बोट किंवा काडी घालू नका. लगेच ताजी जाड घडी ठेवा आणि पुन्हा 30 मिनिटं. कमी झालं पण थांबलं नाही तर आणखी 30 मिनिटं. अशा एका तासात बहुतेक रक्तस्राव आटोक्यात येतात.

टी-बॅगबद्दल मोबाइलवर बरंच फिरतं. त्यात तथ्य आहे, चहातल्या टॅनिनमुळे रक्त साकळायला मदत होते. पण आपल्या घरी डब्यात सुटी पत्ती असते. ती खड्ड्यात भरू नका. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा उकळून पूर्ण गार करा आणि त्यात कापडाची घडी भिजवून पिळून ठेवा. दाब मात्र तेवढाच हवा. हळद, तुरटी, राख, चुना, तंबाखूची चिमूट, कॉफी यांपैकी काहीही खड्ड्यात जाऊ देऊ नये. बिब्ब्याचं तेल तर लांबच ठेवा, त्यानं गाल आणि हिरडी भाजते आणि दातापेक्षा त्या जखमेचं दुखणं मोठं होतं. लवंगतेलही उघड्या खड्ड्यात थेट घालायचं नाही.

किती रक्त म्हणजे खूप? पहिल्या दिवशी लाळ गुलाबी येणं, उशीच्या खोळीवर सकाळी डाग दिसणं, हे ठीक आहे. थोडंसं रक्त तोंडभर लाळेत मिसळतं आणि वाटी भरल्यासारखं दिसतं. नीट दाब देऊनही तासाभरानंतर लालभडक रक्त तोंडात साठतच असेल, घडी दहा मिनिटांत भिजून ठिबकत असेल, अंगाला गार घाम सुटला असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सकाळची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा किंवा 108 ला फोन करा. जाताना घडी चावलेलीच ठेवा.

बर्फ पहिल्या दिवशीच कामाचा. फडक्यात गुंडाळून बाहेरून गालावर 10 मिनिटं ठेवायचा, 10-15 मिनिटं थांबायचं, पुन्हा ठेवायचा. गावात बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची घडी चालेल. त्या दिवशी शेक मात्र द्यायचा नाही. शेकानं सूज आणि रक्त दोन्ही वाढतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटनं बर्फ लावू नये. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यांत हा आजार घरोघरी ओळखीचा आहे, आणि गारठा, तहान व जंतुसंसर्ग ही तिन्ही त्याच्या वेदनेच्या झटक्याची नेहमीची कारणं आहेत. दाढ काढल्यावर तोंड दुखतं म्हणून दिवसभर पाणी न पिणं अशा पेशंटला महागात पडतं. सिकलसेलचं कार्ड दवाखान्यात आधी दाखवा आणि नंतर घोट घोट पाणी पीत राहा.

दुसऱ्या दिवसापासून मिठाचं पाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, मुख्यतः जेवणानंतर. खळखळ करायचं नाही. घोट तोंडात घेऊन मान त्या बाजूला कलती करायची, थोडं थांबायचं आणि पाणी गळू द्यायचं. हे आठवडाभर. ब्रश बाकीच्या दातांवर नेहमीसारखा, खड्ड्याच्या शेजारी हलका. मिश्री, गुडाखू, नस (तपकीर) अशी तंबाखू दातांना घासणाऱ्यांनी ते बोट तोंडात घालूच नये.

खाण्यात पहिल्या दिवशी गार किंवा कोमट आणि मऊ. गार आंबील, ताक, दहीभात, पातळ वरणात कुस्करलेला भात. भूल पूर्ण उतरेपर्यंत काहीच चावू नये, कारण गाल-जीभ चावली तरी कळत नाही. लहान मुलं तर मजा म्हणून बधिर ओठ चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजला की आईबाप डॉक्टरवर चिडतात, तेव्हा दोन-तीन तास मुलावर लक्ष ठेवा. तर्री, ठेचा आणि कडक भाकर चार दिवस बाजूला. जवसाची आणि तिळाची चटणी मात्र दोन आठवडे नको. तिचा दाणा खड्ड्यात बसला की तिथेच कुजतो, आणि पेशंट म्हणतो की खालून अजून मुळी राहिली वाटते.

पहिले दोन दिवस अंगमेहनत टाळावी. फवारणीचा 16 लिटरचा पंप पाठीवर घेणं, वाकून कापूस वेचणं, पोती उचलणं, उन्हात मोळी आणणं, या सगळ्यांत डोक्याकडे रक्त चढतं. मजुरी बुडते हे आम्हालाही कळतं. म्हणूनच दिवस निवडताना पुढचे दोन दिवस मोकळे आहेत का ते बघून या.

खर्ऱ्याबद्दल स्पष्टच लिहितो, कारण निम्मी डोकेदुखी तिथेच आहे. घोटलेल्या खर्ऱ्यातला चुना जखम भाजतो, सुपारीचे कण खड्ड्यात रुततात, तंबाखूतलं निकोटिन हिरडीचा रक्तपुरवठा कमी करतं आणि वर दर पाच मिनिटांनी पिचकारी. "दुसऱ्या बाजूनं खाल्ला" ही सबब चालत नाही, लाळ तोंडभर फिरते. निदान तीन दिवस पूर्ण बंद. टाके घातले असतील तर ते निघेपर्यंत, म्हणजे आठवडाभर. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंडही कमी उघडतं. आपली तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील, तर दाढ काढायला येण्याआधीच ते सांगा. अशा तोंडात हत्यार नीट बसत नाही, वेळ जास्त लागतो, जखम मोठी होते, आणि मुळात तो आखडलेला गालच तपासून घेण्यासारखा असतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला 500 किंवा 650 ची एक गोळी, सहा तासांच्या अंतरानं. पहिली गोळी भूल उतरण्याआधीच घ्या, कळ मस्तकात गेल्यावर नाही. तेवढ्यानं भागत नसेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन 400, पण किडनीचा आजार, पोटातला अल्सर, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दुकानातून मिळणारी अ‍ॅस्पिरिनची विरघळणारी गोळी दाढ काढल्यावर दुखण्यासाठी घ्यायची नाही. ती रक्तातल्या चपट्या पेशींना, म्हणजे प्लेटलेटना, आठवडाभर ढिलं करून ठेवते. गोळी हिरडीवर दाबून धरणं तर सरळ भाजून घेणं आहे. अँटिबायोटिक प्रत्येक दाढेला लागत नाही. गरज असेल तर डॉक्टर देतील, मागून घेऊ नका. मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर त्या दिवसांत मोहाची असो की दुकानातली, दारू बंद. आणि वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्याला मेट्रोनिडाझोल दिलं तर रक्त आणखी पातळ होतं. लिहून देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन 75 घेणारे दाढ काढायची म्हणून ती चार दिवस आपल्या मनानं बंद करून येतात. असं करू नका. दाढेचं रक्त दाबानं आणि टाक्यानं थांबवता येतं, हृदयाच्या स्टेंटमध्ये किंवा मेंदूत झालेली रक्ताची गाठ तशी सोडवता येत नाही. वॉरफरिन किंवा एसिनोकुमारॉलवर असलेल्यांनी, विशेषतः हृदयाची झडप बदललेल्यांनी, दाढेच्या आदल्या दिवशी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय याचा आकडा, तपासून रिपोर्ट आणावा. तो 4 च्या खाली असेल तर गोळी न सोडता साधी दाढ काढता येते, मात्र एका वेळी थोडेच दात आणि टाका घालून. झडपवाल्यांना दाढेच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा डोसही लागतो. त्यामुळे छातीची फाइल घरी ठेवून येऊ नका.

पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास तापात दाढ काढू नये. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि दाढेचा खड्डा हे रक्ताला सापडलेलं सोपं दार असतं. ताप उतरू द्या, रक्त तपासा, मग या. दारूनं यकृत बिघडलेल्यांमध्ये रक्त साकळवणारे घटकच कमी बनतात; अशांचं रक्त थांबल्यासारखं वाटून पुन्हा पुन्हा येतं. आणि घरात कुणाला लहानपणी दुधाचा दात पडल्यावर दोन-दोन दिवस रक्त आलं असेल, किरकोळ मारानं गुडघे सुजत असतील, तर ते बोलून दाखवा. तो हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न साकळण्याचा जन्मजात आजार, असू शकतो, आणि तसं असेल तर दाढ मोठ्या रुग्णालयातच निघाली पाहिजे.

दोन दिवसांनी खड्ड्यात पांढरट-पिवळा थर दिसतो. तो पू नाही, जखम भरण्याचा भाग आहे, खरवडू नका. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. दुखणंही रोज थोडं कमी होत जातं. ते कमी होऊन तिसऱ्या दिवशी अचानक उसळलं, कान आणि कानशिलापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास आला आणि खड्डा रिकामा, आतलं हाड दिसेल असा झाला, तर गाठ निसटली आहे. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढा, विशेषतः अक्कलदाढ, बिडी ओढणारे आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायका यांच्यात हे जास्त दिसतं. यावर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स हा उपाय नव्हे. दवाखान्यात खड्डा सलाइननं धुऊन औषधाची पट्टी ठेवली, की त्याच दिवशी आराम पडतो. पट्टी दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते, तेव्हा एक फेरी गृहीत धरा. सात-आठ दिवसांनी नव्यानं रक्त सुरू झालं तर बहुधा खड्ड्यात जंतुसंसर्ग असतो, घरचा बोळा पुरत नाही.

जबड्याखाली कडक सूज येऊन ती गळ्याकडे उतरत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, थुंकी गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल आणि ताप असेल, तर तो काही तासांचा खेळ असतो. श्वास अडकू शकतो. सरळ जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज गाठा.

हिरडी साधारण तीन-चार आठवड्यांत मिटते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. तीन आठवड्यांनंतरही खड्डा मिटत नसेल किंवा त्यातून मांस वाढून वर येत असेल, तर पुन्हा मिठाचं पाणी करत बसू नका. आपल्या भागात काही दाढा किडीनं नव्हे, तर दाढेखालच्या कॅन्सरनं हलायला लागतात. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि सावंगी मेघे, अमरावती इथली दंत महाविद्यालयं अशा जखमेचा तुकडा तपासतात. आधी तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्यांनी तर त्या जबड्यातली दाढ कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढूच नये, जबड्याचं हाड सडू शकतं. वरची दाढ काढली की नजर जाते ही भीती मात्र सोडून द्या. दाढेची आणि नजरेची नस वेगवेगळी आहे.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसाठी. रात्री आलेल्या अशा पेशंटला "हे दातांच्या डॉक्टरचं काम" म्हणून साठ किलोमीटरवर पाठवलं जातं. आधी बीपी बघा. 180 च्या वर गेलेलं असेल तर दाबूनही रक्त लवकर थांबत नाही. खड्डा पुसा, ट्रानेक्सामिक अ‍ॅसिडची 500 मिलिग्रॅमची गोळी 10 मिलिलिटर पाण्यात कुटून त्यात गॉज भिजवा आणि अर्धा तास चावायला द्या. तरीही येत असेल तर अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेन देऊन हिरडीच्या दोन्ही कडा इंग्रजी 8 च्या आकाराच्या एका टाक्यात ओढून घ्या, 3-0 सिल्क पुरतं. आणि दाढ काढणाऱ्यांनी चिठ्ठीवर नुसतं गोळ्यांचं नाव न लिहिता कोणती दाढ, किती वाजता, कोणती भूल, टाका घातला की नाही, पेशंटच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर एवढं लिहावं. रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात तोंड बघणाऱ्याचा अर्धा तास त्यानं वाचतो.

आपले,
ग्रामीण भागात दातांची प्रॅक्टिस करणारे काही डॉक्टर
यवतमाळ व चंद्रपूर जिल्हा